ऊन मी म्हणतंय, आणि पर्सनिफिकेशन

वाचकांचे प्रश्न : सहावी ते आठवीची इंग्रजी

अर्धवार्षिक परीक्षा जवळ आली की माझ्याकडे येणारे प्रश्न एकदम बदलतात. जुलैत लोक विचारतात कुठली ट्यूशन लावू, आणि नवरात्राच्या आसपास विचारतात मेटाफर म्हणजे नक्की काय हो. यावेळी सगळे प्रश्न इंदूरचेच घेतलेत, कारण घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि वर्गात इंग्रजी अशी तीन भाषांची ओढाताण इकडच्या मराठी मुलांची जशी होते तशी पुण्या-नाशकाच्या मुलांची होत नाही, आणि उत्तर देताना तो फरक धरावाच लागतो. मी आयुष्यभर याच तीन वर्गांना इंग्रजी शिकवलंय, त्यामुळे जे लिहितेय ते फळ्यापाशी उभं राहून बघितलेलं आहे.

ताई, नमस्कार. माझी मुलगी सातवीत आहे, सीबीएसई. मॅडमनी फिगर्स ऑफ स्पीचच्या, म्हणजे अलंकारांच्या, सगळ्या व्याख्या कॉपीत लिहून दिल्यात आणि तिने रट्टा मारून पाठ केल्यात, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल. पण टेस्टमध्ये पॅसेजमधल्या सिमिली शोधा असं आलं तर तिने जिथे जिथे लाइक दिसलं तिथे अंडरलाइन केलं, अगदी आय लाइक मँगोजला सुद्धा. मार्क गेले त्याचं काही नाही, पण तिला कळतच नाहीये की चुकलं कुठे. माझं स्वतःचं शिक्षण हिंदी मिडियमचं, मी काय मदत करणार?
— एक आई, सुदामानगर

ताई, मुलीला रागावू नका. तिला जे सांगितलं तेच तिने केलं. व्याख्येत लिहिलंय की सिमिलीत लाइक किंवा अॅज येतं, म्हणून ती लाइक शोधत गेली. म्हशीची ओळख नुसत्या शेपटीवरून करून दिली तर मूल उद्या दोरीलाही म्हैस म्हणेल, तसं झालंय हे. ओळख करून देताना वस्तू आधी दाखवायची असते आणि नाव मग सांगायचं असतं, आपल्याकडे बहुतेक वर्गांत हे उलटं होतं, आधी नाव मग व्याख्या मग स्पेलिंग आणि वेळ उरला तर कविता.

एक प्रसंग सांगते. एप्रिल महिना, शेवटचा तास, लाइट गेलेली, सातवीचा वर्ग आणि मला शिकवायचं होतं पर्सनिफिकेशन. मुलं पुस्तकाने वारा घेत बसलेली. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, बाहेर बघा, आत्ता तुमच्या घरी आजी किंवा आई या उन्हाबद्दल काय म्हणत असेल ते सांगा. हिंदीवाली मुलं म्हणाली आग बरस रही है. खिडकीजवळची एक मराठी मुलगी, एरवी तोंड न उघडणारी, हळूच म्हणाली की माझी आजी म्हणते ऊन मी म्हणतंय. बाकीच्यांनी अर्थ विचारला तर तिने शब्दाला शब्द ठेवून सांगितलं, द सनशाइन इज सेइंग आय. सगळा वर्ग हसला, ती लाजली, आणि पहिल्या बाकावरचा एक मुलगा अगदी सीरियसली म्हणाला, मॅम, धूप के मुँह थोड़े ही होता है.

मला हेच हवं होतं. मी म्हटलं बरोबर, उन्हाला तोंड नाही, तरी हिची आजी त्याला बोलायला लावते, का बरं? मग उत्तरं यायला लागली, की ते हट्टी आहे, कोणाचं ऐकत नाही, मोठ्या माणसासारखं मीच मी करतंय. दहा मिनिटं उन्हाच्या स्वभावावर चर्चा झाली तेव्हा कुठे मी फळ्यावर तो लांबलचक शब्द लिहिला. व्याख्या मी दिली नाही, मुलांनी केली, जिसके मुँह नहीं उससे बुलवाना. पुस्तकातली व्याख्या यापेक्षा जास्त काही सांगत नाही. पुढे वर्षभर त्या वर्गाला पर्सनिफिकेशन ओळखता आलं नाही असं झालं नाही.

तर ताई, तुम्ही काय करायचं. तुम्ही हिंदी मिडियमच्या म्हणजे मानवीकरण अलंकार तुम्ही शाळेत केलेलाच आहे, पर्सनिफिकेशन म्हणजे तोच, आणि मराठीत त्यालाच चेतनगुणोक्ती म्हणतात. उपमा म्हणजे सिमिली, रूपक म्हणजे मेटाफर, अतिशयोक्ती म्हणजे हायपरबोली, अनुप्रास म्हणजे अॅलिटरेशन. उपमा आणि रूपक हे तर भरताच्या नाट्यशास्त्रात दिलेल्या पहिल्या चार अलंकारांपैकी आहेत, दीपक आणि यमक हे उरलेले दोन. म्हणजे ही काही साहेबाकडून आलेली नवी गोष्ट नाही की जी तुम्हाला झेपणार नाही. इंग्रजी येत नाही म्हणून मदत करता येत नाही हे मनातून काढून टाका. मुलीची अडचण इंग्रजीची नाहीच, ती बघण्याची आहे, आणि बघायला तुम्ही तिला मराठीत शिकवू शकता.

सुरुवात स्वयंपाकघरातून करा. तव्यावरून पोळी काढली आणि म्हणालात की पोळी कापसासारखी झालीय, तर ती उपमा. आता सारखी काढून टाका, ही पोळी नाही, कापूस आहे कापूस, की झालं रूपक. तिला दोन्ही मोठ्यांदा म्हणायला लावा, दुसरं म्हणताना आवाज आपोआप चढतो, कारण मधला पूल काढला आणि दोन वस्तू एकच करून टाकल्या. मग विचारा कापूसच का, कागद का नाही, कागद पण पातळ आणि हलका असतो की. ती म्हणेल कापूस मऊ असतो. झालं, हेच ते उत्तर जे पेपरात लिहायचं असतं, कशाची तुलना कशाशी, दोघांत सारखं काय, आणि त्याने वाचणाऱ्याच्या मनात काय उभं राहिलं. आमच्या मराठीच्या गुरुजींनी याला उपमेय, उपमान आणि साधर्म्य अशी नावं दिली होती. इंग्रजीत यातल्या पहिल्या दोघांना टेनर आणि व्हीइकल ही नावं इंग्रज समीक्षक आय. ए. रिचर्ड्‌स यांनी थेट १९३६ साली दिली, शाळेत ती लागत नाहीत पण आपल्याकडे ही फोड किती जुनी आहे हे मुलीला जरूर सांगा, मुलांना बरं वाटतं.

आता आय लाइक मँगोज. इथे लाइक म्हणजे आवडणं, तुलनाच नाही, हे तिला पटकन कळेल. खरी गफलत पुढे आहे. शी लुक्स लाइक हर मदर ही सिमिली आहे का? तुलना आहे, लाइक पण आहे, तरी नाही, कारण मुलगी आणि आई एकाच जातीच्या वस्तू आहेत, दोघी माणसंच, ती तर साधी माहिती झाली. तो बैलासारखा राबतो ही मात्र सिमिली, माणूस कुठे आणि बैल कुठे. म्हणून लाइक दिसलं की थांबायचं आणि दोन्हीकडच्या वस्तू वेगळ्या जातीच्या आहेत का बघायचं. एवढा एक प्रश्न तिला विचारायची सवय लागली की ते अंडरलाइनचं भूत उतरेल.

आणि एक छोटी वही करून द्या, शाळेची नाही, घरची. दिवसभरात घरात कोणी असं काही बोललं की तिने लिहायचं. घर खायला उठतं हे तुम्ही तिच्या बाबांच्या टूरच्या दिवसांत म्हणतच असाल. पोटात कावळे ओरडतायत. मुसळधार पाऊस, यात तर मुसळासारखी धार अशी अख्खी उपमा एका शब्दात लपलीय आणि आपण ती न बघता रोज वापरतो. शनिवारी बसून एकेक इंग्रजीत करायचं, जमेल तसं, आणि मग नाव द्यायचं. काही वाक्यं इंग्रजीत गेली की कोसळतील, ऊन मी म्हणतंय कोसळतंच, त्याचं वाईट वाटून घेऊ नका, उलट ते का कोसळलं यावर बोला. नवी वाक्यं बनवायलाही लावा. आमच्या वर्गातल्या एकाने लिहिलं होतं की द ओल्ड बस कफ्ड ऑल द वे टू महू. खोकत खोकत महूला पोचलेली बस! त्या मुलाला व्याख्या शेवटपर्यंत नीट पाठ झाली नव्हती, पण मी त्याला पूर्ण मार्क दिले आणि आजही देईन.

एक सावधगिरी सांगून ठेवते. नावं सगळीकडे एकास एक बसत नाहीत. मराठीत जणू आणि हिंदीत मानो आलं की आपण उत्प्रेक्षा म्हणतो, इंग्रजी शाळेत अॅज इफ आलं तरी ते सिमिलीतच टाकतात. मुलीने विचारलं तर गोंधळू नका, कप्पे वेगळे आहेत एवढंच सांगा.

मॅम, मी सहावीत आहे. मला ए आणि अॅन नेहमी चुकतं. नियम पाठ आहे की ए ई आय ओ यूच्या आधी अॅन, तरी अॅन युनिफॉर्म लिहिलं तर चूक दिलं आणि ए अवर लिहिलं तरी चूक दिलं. आणि अॅलिटरेशनमध्ये पण सेम लेटर शोधते तर कधी बरोबर येतं कधी नाही. काही ट्रिक सांगा ना.
— तुमची एक वाचक, लोकमान्यनगर

सांगते, आणि ही ट्रिक तुझ्या वर्गातल्या प्रत्येकाला जमेलच असं नाही पण तुला नक्की जमेल कारण तुला देवनागरी येते. इंग्रजी स्पेलिंग डोळ्यांना फसवतं, देवनागरी फसवत नाही, ती जसं ऐकू येतं तसं लिहिते. तर तो इंग्रजी शब्द पेन्सिलीने देवनागरीत लिही. युनिफॉर्म, पहिलं अक्षर य, व्यंजन, म्हणून ए युनिफॉर्म. अवर, पहिलं अक्षर अ, स्वर, म्हणून अॅन अवर, तो एच तिथे नुसता शोभेला बसलाय. ऑनेस्ट, अॅन. युरोपियन, ए. वन-रुपी कॉइन, पहिलं अक्षर व, म्हणून ए. आणि एमएलए, स्पेलिंगमध्ये एम आहे पण लिहिताना तू ए पासून सुरू केलंस ना, म्हणून अॅन एमएलए. नियम आवाजाचा आहे ग, अक्षराचा नाहीये, आणि पाठ करताना नेमका तोच शब्द गळून जातो.

अॅलिटरेशनचं पण हेच. सिटी आणि कॅट दोन्ही सी ने सुरू होतात तरी अॅलिटरेशन नाही, देवनागरीत लिही, एक स आणि एक क. उलट फोन आणि फॅन, स्पेलिंग बघितलं तर एक पी ने सुरू होतो आणि एक एफ ने, पण दोन्ही फ, म्हणून आहे. नाइफ, नी, नोज, तिन्ही न. कवितेची एक ओळ देवनागरीत लिहून बघ, अॅलिटरेशन डोळ्यांना दिसेल. पेपरात मात्र कच्च्या कामाच्या जागी लिही आणि नंतर खोडून टाक.

नमस्कार मॅडम, मी आठवीत आहे. अॅक्टिव्ह-पॅसिव्ह चालू आहे. "ताईने आंबा खाल्ला" हे वाक्य घेतलं तर माझे आजोबा म्हणतात हा कर्मणी प्रयोग. हिंदीच्या मॅम म्हणतात दीदी ने आम खाया हे कर्तृवाच्य. इंग्रजीच्या सर म्हणतात सिस्टर एट अ मँगो हे अॅक्टिव्ह. आजोबा म्हणतात कर्मणी म्हणजे पॅसिव्हच. मग बरोबर कोण?
— आठवीतला एक विद्यार्थी, टिळकनगर

तिघेही बरोबर आहेत, आणि आजोबांचं फक्त शेवटचं वाक्य जरा सरकलंय, त्यांना प्रेमाने सांग. हा प्रश्न तुला पडला याचाच मला फार आनंद झाला, कारण दर वर्षी माझ्या वर्गातली मराठी मुलं नेमकी इथे अडायची आणि मलाही पहिली काही वर्षं ते का अडतात हे कळत नव्हतं.

नीट बघ. ताईने आंबा खाल्ला. ताईने पोळी खाल्ली. ताईने पोहे खाल्ले. खाणारी एकच आहे पण क्रियापद दर वेळी बदललं, खाल्ला, खाल्ली, खाल्ले. ते कोणाकडे बघून बदललं? ताईकडे नाही, जे खाल्लं त्याच्याकडे, म्हणजे कर्माकडे. मराठी व्याकरण प्रयोग ठरवताना हेच विचारतं की क्रियापद कोणाच्या लिंग-वचनाप्रमाणे चालतंय, इथे कर्माप्रमाणे, म्हणून कर्मणी. आजोबा शंभर टक्के बरोबर.

इंग्रजीत असं काही घडतच नाही. मँगो असो रोटी असो, एट ते एटच. इंग्रजीचा व्हॉइस दुसराच प्रश्न विचारतो, की वाक्यात कर्त्याच्या खुर्चीवर कोण बसलंय, काम करणारा की ज्याच्यावर काम झालं तो. ताई खाते आणि ताईच खुर्चीवर बसलीय, म्हणून अॅक्टिव्ह. आंब्याला उचलून खुर्चीवर बसवलं की द मँगो वॉज इटन बाय सिस्टर, पॅसिव्ह. हिंदीचं वाच्य हे इंग्रजीच्या जवळचा प्रश्न विचारतं म्हणून तुझ्या हिंदीच्या मॅम आणि इंग्रजीचे सर एका बाजूला आले आणि आजोबा एकटे पडले.

मग मराठीत पॅसिव्ह नाहीच का? आहे ना, चोर पकडला गेला, पेपर तपासले जातील, रावण रामाकडून मारला गेला. कडून आणि जाणे दिसलं की समज हे इंग्रजी पॅसिव्हचं भावंड आहे, मराठी व्याकरणात त्याला नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात. आता पॅसिव्ह करताना मनातल्या मनात वाक्य आधी या रूपात म्हण आणि मग इंग्रजीत जा, ने वाल्या वाक्यावरून थेट उडी मारू नकोस.

दोन कामाच्या गोष्टी अजून. पॅसिव्हमध्ये क्रियापदाचं तिसरं रूप अजिबात हलत नाही, काळ सगळा बी वालं क्रियापद सांभाळतं, इज इटन, वॉज इटन, विल बी इटन, हॅज बीन इटन, इटन जागचं हललं का बघ. आणि ज्या क्रियापदाला कर्मच नाही त्याचं पॅसिव्ह होत नाही, ही वेंट होम देऊन मुलांना फसवतात, तिथे होम हे ठिकाण आहे, कर्म नाही.

पण हे सगळं कशासाठी ते कोणी सांगतं का तुम्हाला? मला वाटतं हे सगळ्यात आधी सांगायला हवं. क्रिकेट खेळताना बॉल शेजारच्यांच्या खिडकीवर गेला की तू काय सांगतोस, काकू काच फुटली. मी फोडली असं कोणी म्हणत नाही. फुटली म्हटलं की फोडणारा वाक्यातून गायब. मराठीला हे एका शब्दात जमतं, इंग्रजी माणूस तिथे द विंडो वॉज ब्रोकन म्हणतो. करणारा माहीत नाही, किंवा महत्त्वाचा नाही, किंवा सांगायचा नाही, अशा तीन वेळा पॅसिव्ह उपयोगी पडतं. उद्याच्या इंग्रजी पेपरमधल्या पहिल्या पानावरची पॅसिव्ह वाक्यं शोध आणि प्रत्येकापुढे लिही की यातलं कुठलं कारण आहे. व्हॉइस बदला असे पन्नास प्रश्न सोडवण्यापेक्षा हे एक पान जास्त शिकवेल.

सौ. बाईंना सप्रेम नमस्कार. माझं वय ७६. आमच्या वेळी इंग्रजीत पार्सिंग होतं, मराठीत व्याकरण चालवायचं, म्हणजे एकेका शब्दाची जात, लिंग, वचन सांगायचं, वाक्यपृथक्करण करायचं. आता सातवीतल्या नातवाला क्लॉज विचारला तर म्हणतो आम्हाला कॉन्टेक्स्टमध्ये शिकवतात. मी खजुरी बाजारातून रेन अँड मार्टिनचं इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक घेऊन आलो, सूनबाई म्हणते बाबा त्याला बोअर होतं, नको. जुनी पद्धत इतकी वाईट होती का?
— एक आजोबा, रामबाग

आजोबा, साष्टांग नमस्कार. वाईट नव्हती, पण त्यातून जे मिळतं असं आपण समजत होतो ते सगळं मिळत नव्हतं, हे मी तुमचा मान ठेवून सांगते. मीही त्याच पद्धतीत वाढले आणि पहिली काही वर्षं तसंच शिकवलं. मुलं वाक्याचे तुकडे पाडण्यात हुशार झाली, हा नाउन क्लॉज, हा अॅडजेक्टिव्ह क्लॉज, पटापट सांगायची आणि निबंध लिहायला बसली की तीच दोन-तीन शब्दांची तुटक वाक्यं. मला वाटायचं माझंच काही चुकतंय. नंतर वाचलं की अमेरिकेत १९६३ मध्येच ब्रॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास गोळा करून सांगितलं होतं की नुसतं व्याकरण वेगळं काढून शिकवल्याने लिखाण सुधारत नाही, उलट लिहिण्याचा वेळ खाल्ला जातो. २००७ मध्ये ग्रॅहम आणि पेरिन यांनी चौथी ते बारावीच्या मुलांवरचे अभ्यास तपासले तेव्हाही हेच दिसलं, आणि त्याच वेळी एक गोष्ट उपयोगी ठरली, वाक्यं जोडायला लावणं, सेंटेन्स कंबाइनिंग. म्हणजे तुम्ही जे वाक्यपृथक्करण करत होतात त्याच्या बरोबर उलटं, तोडायचं नाही, बांधायचं.

हे तुम्ही नातवाबरोबर झोपाळ्यावर बसून करू शकता. तीन वाक्यं द्या, इट वॉज रेनिंग, राजवाडा वॉज क्राउडेड, वुई वाँटेड पोहा. याचं एक वाक्य कर म्हणा. तो आधी अँड अँड लावेल, लावू द्या. मग म्हणा नुसत्या अँडने जोडू नकोस. तो बिकॉज आणेल, बट आणेल, कधीतरी ऑलदो आणेल, की ऑलदो इट वॉज रेनिंग अँड राजवाडा वॉज क्राउडेड, वुई वेंट फॉर पोहा. आता तुमची पाळी, आता विचारा की यातला कुठला तुकडा एकटा उभा राहू शकतो आणि कुठला नाही. ऑलदो इट वॉज रेनिंग एवढंच म्हणून थांबा, तो वाट बघत राहील पुढे काय म्हणून. जो तुकडा वाट बघायला लावतो तो सबऑर्डिनेट क्लॉज. तुमच्या पृथक्करणातली तीच गोष्ट, फक्त त्याने स्वतः बांधलेल्या वाक्यातली. स्वतःच्या हाताने बांधलेलं सोडवताना मूल कंटाळत नाही हे मी कितीदा बघितलंय.

आणि नावं शिकवूच नयेत असं म्हणणाऱ्यांशी मी अजिबात सहमत नाही. कॉन्टेक्स्टच्या नावाखाली काही शाळांत काहीच शिकवलं जात नाही ही तुमची तक्रार खरी आहे आणि ती मला डाचते. मुलाला तुझा व्हर्ब चुकलाय एवढं सांगता यायला सुद्धा त्याला व्हर्ब म्हणजे काय ते माहीत हवं ना. तर रेन अँड मार्टिन घरात राहू द्या, डिक्शनरीसारखं, अडलं की उघडायचं, पहिल्या पानापासून सोडवत न्यायचं नाही.

तुमच्यासाठी अजून एक काम आहे जे सूनबाईंना जमणार नाही. दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण लिहिलं ते इंग्रजी व्याकरणाची चौकट समोर ठेवून, म्हणून आपल्या आठ शब्दजाती आणि इंग्रजीचे आठ पार्ट्स ऑफ स्पीच इतके जुळतात. आपली विरामचिन्हं सुद्धा मेजर कँडी यांच्यामुळे मराठीत रुळली. नातवाला ही जोडी समोरासमोर दाखवा आणि जिथे जुळत नाही तिथे जास्त थांबा. आपण टेबलावर म्हणतो, वर मागून लागतो, शब्दाला चिकटून, म्हणून शब्दयोगी. इंग्रज ऑन द टेबल म्हणतो, ऑन आधी येतो, म्हणून प्रिपोझिशन, नावातच प्रि आहे. पोरांना इतकं साधं कोणी सांगितलेलं नसतं. तुम्हाला व्याकरण चालवता येतं, ते आता इंदुरात किती घरांत येत असेल, ते त्याला द्या, परीक्षेसाठी नाही तर तुमच्याकडचं म्हणून.

ताई, फक्त एकच. ऑनोमॅटोपिया या शब्दाचं स्पेलिंग मुलाच्या डोक्यात बसतच नाही. आणि हा शब्द सातवीच्या मुलाला कशाला हवा?
— एक बाबा, मनोरमागंज

स्पेलिंगची बारा अक्षरं आहेत, तीन, चार, पाच अशी तोडा. ओ एन ओ, मग एम ए टी ओ, मग पी ओ ई आय ए. तीन-चार-पाच असं ठेक्यात म्हणायला लावा, दोन दिवसांत बसतं. शब्द मूळ ग्रीक, ओनोमा म्हणजे नाव आणि पुढचा भाग करणे या अर्थाचा, आवाजावरून नाव करणं.

कशाला हवा, तर मराठी मुलाला हा सगळ्यात सोपा जाणारा टर्म आहे म्हणून. इतकी आवाजाची नावं आपल्याकडे आहेत की इंग्रजीला यादी पुरणार नाही, पाणी खळखळ, झरा झुळझुळ, बांगड्या किणकिण, दार करकर, वीज कडकड. एक दिवस त्याला स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभं करा आणि डोळे मिटून आवाज लिहायला सांगा, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. पोहे करायला घेतले की तेलात मोहरी तडतडते, तिथे क्रॅकल चालेल. कांदा पडला की चर्र होतं, तिथे सिझल. झाकण ठेवल्यावर आत जे बुदबुद चालतं त्याला बबल. कुकरच्या शिट्टीला काय लिहायचं यावर माझ्या वर्गात भांडण झालं होतं, हिस की व्हिसल, आणि शेवटी मुलांनी ठरवलं की आधी हिस आणि मग व्हिसल.